बिनखताची मेथीच उंच वाढली, आता आकडे बदलायचे का?

पत्र:

मॅडम, आम्ही कळव्याला खारेगावात राहतो. माझी लेक नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं ‘ओल्या कचऱ्याच्या खताचा मेथीच्या वाढीवर होणारा परिणाम’ हा विषय घेतला. आमच्या सोसायटीत खताच्या टाक्या आहेत, तिथूनच खत आणलं. एका कुंडीत माती आणि खत घालून मेथी पेरली आणि कुंडी गॅलरीत ठेवली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, कंट्रोल हवा. म्हणून दुसऱ्या कुंडीत नुसत्या मातीत मेथी पेरली. गॅलरीत जागा नव्हती, ती कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. बारा दिवसांनी मोजलं तर बिनखताची मेथी सरासरी सात सेंटिमीटर आणि खताची साडेचार! लेक रडकुंडीला आली आहे. क्लासचे सर म्हणतात, आकडे उलटे करून लिहा, खतानं झाड वाढतं हे कुणालाही माहीत आहे. मलाही प्रश्न पडलाय की जे सगळ्यांना माहीत आहे त्यासाठी ही बिनखताची कुंडी हवीच कशाला? शिवाय स्वतंत्र चल, अवलंबी चल हे तिनं पाठ केलंय, पण परीक्षकांनी जरा फिरवून विचारलं की ती गडबडते. प्रदर्शनाला अजून सहा आठवडे आहेत. काय करावं?
एक आई, खारेगाव

उत्तर:

ताई,

आकडे बदलू नका. सात ते सात आणि साडेचार ते साडेचार. लेकीच्या वहीत ते तारखेसह जसे आहेत तसेच राहू द्या. सरांनी मुलीच्या भल्यासाठीच सांगितलं असेल, पण त्यांचं ऐकलंत तर या सगळ्या खटपटीतली सर्वांत मोलाची गोष्ट हातची जाईल. ते आकडे खरे आहेत आणि ते काहीतरी सांगताहेत. फक्त ते खताबद्दल सांगताहेत असं आपण धरून चाललो आहोत.

मला सांगा, तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या बंदिस्त पोकळीत उघडते का? आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत तसंच असतं. तसं असेल तर तिथे दिवसभर अंधुकच उजेड असणार. आता ती उंच मेथी पुन्हा एकदा जवळून बघा, लेकीलाही बघू दे. देठ बारीक आणि पांढुरके आहेत का? पानं लहान, फिकट पिवळसर आहेत का? रोपं सगळी एकाच बाजूला, उजेडाकडे झुकली आहेत का? मग गॅलरीतलं ठेंगणं रोप बघा. त्याचा देठ जाड आणि पानं गडद हिरवी दिसतील, असा माझा अंदाज आहे.

उजेड कमी पडला की कोवळं रोप पानं पसरत बसत नाही. बियाण्यात साठवलेलं अन्न वापरून ते खोड ताणत नेतं, कुठेतरी उजेड सापडेल म्हणून. मातीत जरा खोल पडलेलं बी याच ओढीनं वर येतं. त्यामुळे अंधारातलं रोप उंच दिसतं, पण वजन केलं तर त्यात फारसं काही नसतं. म्हणजे तुमच्या लेकीनं मोजलेले सात सेंटिमीटर बहुधा डक्टमधल्या अंधाराचे आहेत. बिनखताची माती चांगली आणि खत वाईट असं काही त्यातून सिद्ध होत नाही. खत चांगलं असंही होत नाही. या दोन कुंड्यांमध्ये खत वेगळं होतं, उजेडही वेगळा होता, उजेडामुळे माती सुकण्याचा वेगही वेगळा होता. फरक पडला तो कशामुळे, हे सांगायला आता जागाच उरलेली नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. बिनखताची कुंडी कशाला, तर ‘खत घातलं नसतं तर काय झालं असतं’ हे दाखवायला. मेथी मातीत टाकली की तशीही उगवतेच. दहा-बारा दिवसांत ती हिरवीगार होतेच. त्यातलं खतानं किती केलं आणि आपोआप किती झालं हे एकट्या खताच्या कुंडीकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. मात्र ती दुसरी कुंडी हे काम तेव्हाच करते, जेव्हा ती पहिलीसारखीच असते आणि फरक असतो तो फक्त एकाच गोष्टीचा. बाईंनी कंट्रोल हवा म्हटलं, तुम्ही आणलाही, पण त्याला सापत्न वागणूक मिळाली. हे फार जणांकडून होतं. प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाते तेव्हा मला सारखं दिसतं की ज्याच्यावर प्रयोग चालू आहे त्या कुंडीला खिडकीतली चांगली जागा, रोजचं पाणी, कौतुकानं काढलेले फोटो, आणि कंट्रोल कुठेतरी कोपऱ्यात, आठवण झाली तर पाणी.

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशसंश्लेषणाला कार्बन डायऑक्साइड लागतो हे दाखवणारा एक जुना प्रयोग आहे, तो लेकीबरोबर बसून वाचा. साधारण सारख्या आकाराची, कुंडीतली दोन रोपं तीन दिवस अंधारात ठेवतात. मग एकाजवळ पोटॅशियम हायड्रॉक्साइड ठेवतात, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. त्यावर काचेची मोठी हंडी उपडी घालतात, कडा व्हॅसलिननं बंद करतात. आणि दुसऱ्या रोपावरही अगदी तशीच हंडी, तसंच व्हॅसलिन. दोन तास उन्हात ठेवून दोघांच्या पानांची आयोडीननं स्टार्चची चाचणी घेतात. दुसऱ्या रोपाला हंडी कशाला घातली, हे लेकीला विचारा. त्याला तर काही करायचंच नाही! पण हंडीखाली उष्णता वाढते, दमटपणा वाढतो, हवा कोंडते. दुसरं रोप उघडं ठेवलं असतं आणि फरक दिसला असता, तर तो कार्बन डायऑक्साइडचा की हंडीचा, हा वाद मिटला नसता. हे तिला समजलं की परीक्षकांनी कसाही प्रश्न फिरवला तरी ती अडणार नाही.

आता ते पाठ केलेले शब्द. तिच्या प्रयोगात ती स्वतःच्या हातानं, ठरवून जे बदलते ते स्वतंत्र चल. इथे ते खत. त्यामुळे काय होतं म्हणून जे मोजते ते अवलंबी चल. इथे रोपाची वाढ. आणि बदलू शकलं असतं, पण तिनं दोन्हीकडे सारखंच ठेवायला हवं ते सगळं, म्हणजे बियाण्याचं पाकीट, पेरणीची खोली, पाणी, कुंडीचा आकार, ऊन, माती, ही स्थिर ठेवलेली चलं. मुलं स्थिर ठेवलेली चलं आणि कंट्रोल गट यांत हमखास घोटाळा करतात. कंट्रोल हा रोपांचा एक गट आहे, हात लावून दाखवता येतो. स्थिर चलं ही त्या गटासकट सगळ्या गटांना लागू असलेली बंधनं आहेत. तुमच्या पहिल्या फेरीत कंट्रोल गट होता, पण ऊन स्थिर नव्हतं. तिनं परीक्षकांना हे एवढं एक वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगितलं तरी त्यांना कळेल की मुलीला विषय कळलाय.

उंचीबद्दलही विचार करायला हवा. ‘वाढ’ म्हणजे उंची हे आपण गृहीत धरतो, पण मेथीच्या बाबतीत ती किती फसवते ते आत्ताच दिसलं. पानांची संख्या मोजा. आणि शेवटच्या दिवशी रोपं मुळासकट उपटून, माती धुऊन, कागदावर सावलीत कडकडीत सुकवून वजन करा. एका रोपाचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिसणार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला काटा मागा आणि एका कुंडीतली सगळी रोपं एकत्र तोला. सुकलेलं वजन ही रोपानं प्रत्यक्ष काय कमावलं याची बरीच प्रामाणिक खूण आहे.

मेथीची आणखी एक अडचण आहे, ती बारा दिवसांत लक्षात येत नाही. सुरुवातीचे काही दिवस रोप बियाण्यातल्या शिदोरीवरच जगतं. तेव्हा मातीत खत असो वा नसो, त्याला फारसं पडलेलं नसतं. शिवाय मेथी शेंगावर्गातली, तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन तिला मिळवून देऊ शकतात. खताचा परिणाम बघायचा तर किमान तीन-चार आठवडे थांबायला हवं. विषय नोंदवून झाला असेल तर मेथीच ठेवा, फक्त घाई करू नका. बदलायची मुभा असेल तर लाल माठ घ्या. त्याचं बी बारीक असतं, शिदोरी कमी, त्यामुळे मातीत काय आहे ते लवकर दिसतं.

आणि खत? ते खरंच वाईट असू शकतं, ही शक्यताही सोडू नका. टाकीतून काढलेलं खत पूर्ण कुजलेलं नसेल तर त्यातली सेंद्रिय आम्लं आणि अमोनिया कोवळ्या मुळांना भाजतात. उरलेली आमटी, लोणचं टाकीत जात असेल तर मीठही असतं. खत मुरलं असेल तर ते गडद, भुसभुशीत असतं, हाताला गरम लागत नाही, आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. आंबूस किंवा नाकात जाणारा वास आला तर ते कच्चं आहे.

याची तपासणी करायला जगभर जे बी वापरलं जातं ते आपल्या घरात असतं: अळीव. एक वाटी खत दहा वाट्या पाण्यात ढवळून काही तास ठेवा, मग फडक्यानं गाळा. दोन सारख्या ताटल्यांत कागदी रुमाल घाला. एकीत खताचं पाणी, दुसरीत तेवढंच साधं पाणी. दोन्हींत मोजून वीस-वीस अळीव टाका, झाकून कपाटात ठेवा. दोन-तीन दिवसांत किती रुजले आणि मुळं किती लांब आली ते मोजा. खताच्या पाण्यात मुळं आखडलेली दिसली तर खत अजून मुरायचं आहे. पाहिलंत, इथेही साध्या पाण्याची ताटली लागलीच. तिच्याशिवाय ‘अळीव रुजले नाहीत’ याचा अर्थ खत कच्चं की अळीवच जुनं, हे कळलं नसतं. प्रदर्शनाच्या फलकावर ही एवढी जोडचाचणीसुद्धा मला बघायला आवडेल.

आता नवीन फेरीची मांडणी, आणि इथे मी तुम्हाला एक गट वाढवायला सांगणार आहे. खत घातल्यानं दोन गोष्टी होतात. रोपाला अन्न मिळतं, आणि माती भुसभुशीत होऊन पाणी जास्त धरून ठेवते. गॅलरीच्या उन्हात हे पाणी धरून ठेवणंच रोपाला तारत असेल तर? म्हणून आणखी एका गटात खताऐवजी तेवढंच कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घाला. ते पाणी धरतं, पण त्यात रोपाला पोसण्याजोगं फार काही नसतं. आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असू शकतात. पहिल्या गटात चार भाग माती, दुसऱ्यात तीन भाग माती आणि एक भाग कोकोपीट, तिसऱ्यात तीन भाग माती आणि एक भाग खत.

हा विचार नवा नाही. इटलीत फ्रान्चेस्को रेदी यांनी 1668 मध्ये मांसात अळ्या आपोआप निर्माण होतात का, हे तपासलं. उघड्या बरण्यांतल्या मांसात अळ्या झाल्या, बंद बरण्यांत झाल्या नाहीत. पण बरणी बंद केली की हवाही बंद होते, मग अळ्या हवेअभावी झाल्या नाहीत असं कुणी म्हणू शकलं असतं. म्हणून त्यांनी बरण्यांवर तलम जाळीदार कापड बांधलं. हवा आत गेली, माश्या बाहेर राहिल्या, आणि अळ्या झाल्या नाहीत. तुमच्या लेकीचं कोकोपीट म्हणजे रेदींचं ते कापड. परीक्षक ज्या शंकेवर बोट ठेवतील तिचं उत्तर तिच्याजवळ आधीच तयार असेल.

एकेका गटाला एकच कुंडी पुरत नाही. कुंडीत वीस रोपं असली तरी त्यांची माती एक, पाणी एक, कबुतर बसलं तर नुकसानही एकदमच. नर्सरीत मिळतात त्या काळ्या पिशव्या आणा, सगळ्या एकाच मापाच्या. प्रत्येक गटाला पाच, एकूण पंधरा. प्रत्येकीत मोजून दहा बिया, रात्रभर भिजवलेल्या, सारख्याच खोलीवर. किती उगवल्या ते लिहून घ्या, मग विरळणी करून प्रत्येक पिशवीत चारच रोपं ठेवा. पाणी खोकल्याच्या औषधाबरोबर येतं त्या मापानं, सगळ्यांना सारखं.

सगळ्या पिशव्या गॅलरीतच, पण खताच्या पाचही कठड्याशी आणि साध्या पाचही भिंतीशी असं नको, नाहीतर पुन्हा उन्हाचा घोळ. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा आणि दर दोन दिवसांनी जागा फिरवा. आपण मनानं जागा देतो तेव्हा नकळत लाडकीला चांगली जागा देतो. माणसांवरच्या प्रयोगांत तर हे फारच महत्त्वाचं. वाल्डेमार हाफकिन यांनी 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली, आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीनं पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. न टोचलेल्या कैद्यांत आजार आणि मृत्यू जास्त झाले, आणि ही तुलना होती म्हणूनच लसीचा गुण दिसला. तरी एक प्रश्न राहतोच की स्वखुशीनं पुढे येणारे आणि मागे राहणारे मुळात सारखे होते का? 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या क्षयरोगाच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हे टाळलं. कुणाला औषध मिळणार हे यादृच्छिक, म्हणजे कुठलाही क्रम नसलेल्या आकड्यांवरून ठरलं, आणि ते आकडे बंद पाकिटांत होते. पिशव्यांच्या चिठ्ठ्या त्याच घराण्यातल्या.

बंद पाकीट तुम्हीही वापरा. प्रत्येक पिशवीच्या तळाला नुसता क्रमांक चिकटवा. कोणता क्रमांक कोणत्या गटाचा ती यादी पाकिटात घालून घरातल्या कुणा मोठ्या माणसाकडे द्या. तीन-चार आठवड्यांनंतर पानं मोजायचं काम लेकीच्या बाबांना किंवा भावाला द्या, ज्याला यादी माहीत नाही. मातीच्या रंगावरून थोडा अंदाज येईल, म्हणून वर सगळ्यांना वाळूचा पातळ थर द्या. ‘हे खताचं आहे’ असं माहीत असलं की आपण अर्धवट उमललेलं पानही मोजून टाकतो, आणि त्यात लबाडी नसते.

निकाल मांडताना तीन सरासऱ्यांचे तीन खांब काढून थांबू नका. पंधराही पिशव्यांचे ठिपके आलेखावर दाखवा. साध्या मातीच्या पाच पिशव्यांत आपसातच जेवढा फरक आहे, तेवढाच फरक खत आणि बिनखत यांच्यात दिसला, तर खतामुळे वाढ झाली असं म्हणता येणार नाही, आणि तसंच लिहायचं. ठिपके वेगवेगळे उठून दिसले तर खुशाल म्हणा.

फलकावर पहिल्या फेरीलाही जागा द्या. सात आणि साडेचार हे आकडे, दोन्ही कुंड्यांचे फोटो, आणि खाली लेकीच्या अक्षरात की उजेड सारखा नव्हता, म्हणून या फेरीतून खताबद्दल निष्कर्ष काढला नाही आणि दुसरी फेरी घेतली. परीक्षक म्हणून सांगते, असा फलक समोर आला की मी खुर्ची ओढून बसते.

परीक्षकांनी ‘आणखी कुठला कंट्रोल माहीत आहे’ असं विचारलं तर तिनं कोविडच्या घरगुती चाचणीची पट्टी आठवावी. त्यावरची सी अक्षराजवळची रेघ हा कंट्रोलच होता. ती उमटली नाही तर पट्टी नीट चाललीच नाही असं समजून निकाल बाद करायचा. बिनखताच्या पिशवीत काही न घालता काय होतं ते बघतो, तर त्या रेघेत जे व्हायलाच हवं ते झालं का ते बघतो.

सहा आठवडे पुरेसे आहेत, पण वाया घालवायला एकही नाही. या शनिवारी अळीवाची चाचणी लावा. सोमवार-मंगळवारपर्यंत खताचं कळेल. कच्चं निघालं तर सोसायटीतल्या जुन्या, बंद करून ठेवलेल्या टाकीतलं मागा किंवा नर्सरीतून मुरलेलं गांडूळखत आणा आणि विषयाच्या नावात तसा बदल करा. बुधवारी रात्री मेथी भिजत घाला, गुरुवारी पेरा. आणि पेरायच्या आधी गॅलरीला जाळी लावून घ्या, कबुतरं कोवळी मेथी ठेवत नाहीत.